अंगणातले गड : पुण्यातल्या दिवाळीच्या किल्ल्यांच्या नोंदी

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

यंदाच्या दिवाळीत काय करायचं ते पक्कं झालं. पुण्यातल्या पेठा, नदीपलीकडच्या जुन्या वसाहती आणि कोथरूडकडच्या सोसायट्या पायी हिंडून मुलांनी केलेल्या किल्ल्यांची नोंद करायची आणि त्या नोंदींची पुस्तिका छापायची. अंगणातले, जिन्याखालचे, पार्किंगमधले, गॅलरीतले, सगळे. फोटो, पायाची लांबी-रुंदी, उंची, आत आधार कशाचा, माती कुठून आणली, वर काय काय मांडलंय. स्पर्धेतले किल्ले वाटेत आले तर येऊ देत, पण त्यांच्यामागे जायचं नाही. त्यांना परीक्षक असतात, त्यांच्या बातम्या येतात. मला फाटकाच्या गजांमधून दिसणारे किल्ले हवे आहेत.

जुन्या घरांवरच्या कलाकुसरीचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे: ग्रीलमधला उगवता सूर्य, फाटकाच्या खांबांवरचे सिमेंटचे सिंह, जिन्याच्या जाळीतले हंस. ती कामं घर पडेपर्यंत टिकतात. किल्ला मात्र दोन-तीन आठवड्यांत जातो आणि पुढच्या वर्षी तीच मुलं दुसरा करतात. घराबाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं म्हणून, कोणी न सांगता शहरभर केलं जाणारं एवढं मोठं शिल्पकाम मला तरी दुसरं माहीत नाही. ते नीट लिहून ठेवायला हवं.

यंदा आणखी एक कारण आहे. जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे महाराष्ट्रातले अकरा, आणि तमिळनाडूतली जिंजी. मुलांच्या हातून एरवी रायगड, राजगड, प्रतापगड, तोरणा होतात. बाकीच्यांपैकी कोणी अंगणात उतरतं का, ते बघायचंय.

मुलांचे चेहरे फोटोत घ्यायचे नाहीत. पत्त्याच्या जागी फक्त पेठेचं किंवा वसाहतीचं नाव. भाचा बरोबर येणार आहे, टेप धरायचं काम त्याचं.

९ ऑक्टोबर, गुरुवार. सदाशिव, नारायण, शनिवार पेठ

सहामाही परीक्षा अजून चालू आहेत, त्यामुळे किल्ला एकही नाही. ढीग मात्र दिसायला लागलेत. जिन्याखाली विटा रचून ठेवलेल्या, पोत्यांवर पोती, फुटक्या बादलीत भिजत घातलेली माती.

पेठेत आता माती मिळत नाही. वाडे पडले, अंगणांवर फरशी आली. मग रोपवाटिकेतून पोतं आणायचं, नाही तर जवळ कुठे इमारतीची खोदाई चालू असेल तर तिथे जाऊन मागायची. खोदाईतून येतो तो पिवळट मुरूम. तो रंगाला डोंगरासारखा दिसतो पण धरून राहत नाही, म्हणून त्यात कुंडीतली काळी माती कालवतात. नारायण पेठेत मात्र एक वेगळीच गोष्ट दिसली. शेजारचा वाडा पाडला तेव्हा त्याच्या भिंतीची पांढरी माती मुलांनी चाळून दोन पोत्यांत भरून ठेवली होती. पेठेतल्या घराची भिंत पेठेतल्याच किल्ल्यात जाणार. नोंदवहीत या ओळीखाली मी दोनदा रेघ मारली.

आतल्या सांगाड्याबद्दल. सगळा किल्ला भरीव मातीचा कोणी करत नाही. एवढी माती असते कुणाकडे? आत विटा, दगड, पुठ्ठ्याची खोकी, उलटं घमेलं. त्यावर चिखलात बुडवलेलं बारदान टाकायचं. बारदान ओलं असताना जिथे लोंबतं तिथे कडा पडते, जिथे सुरकुततं तिथे सोंड आणि घळ तयार होते. हाताने डोंगर घडवायला गेलं की तो गोल होतो. बारदान टाकलं की सह्याद्री दिसतो. हे मुलांना कोणी शिकवत नाही. मोठ्या भावाने केलेलं बघून धाकट्याला येतं.

१२ ऑक्टोबर, रविवार. कसबा पेठ, कुंभारवाडा

किल्ल्यावरची चित्रं, म्हणजे मांडायच्या छोट्या मूर्ती, बघायला गेले. टोपल्याच्या टोपल्या भरून मावळे. दोन भागांच्या साच्यात माती दाबायची, दोन्ही अर्धुकं जोडायची, वाळवायचं, भाजायचं, मग पांढरा हात देऊन रंगवायचं. भाजलेल्या मातीचं चित्र हातात जड लागतं आणि नखाने टिचकी मारली तर खणखणतं. प्लास्टरचं हलकं असतं, त्याच्या कडा धारदार आणि रंग चकचकीत. दोन्ही शेजारीशेजारी मांडलेली असतात. बहुतेक मुलं चकचकीत उचलतात. मला मातीचीच जास्त आवडतात, कारण त्यांचे डोळे कुंचल्याच्या एका फटक्यात काढलेले असतात आणि त्यामुळे प्रत्येक मावळ्याची नजर निराळी होते.

काय काय मिळतं ते लिहून घेतलं: सिंहासनावरचे महाराज, घोड्यावरचे महाराज, भालदार, चोपदार, तुतारीवाला, ढाल-तलवारीचा मावळा, बंदूकवाला, तोफ, हत्ती, वाघ. आणि किल्ल्याखालच्या गावासाठी गवळण, जात्यावर दळणारी बाई, वासुदेव, पाटीवाली, बैलगाडी, वाणी, विठोबा-रखुमाई. म्हणजे गड विकत मिळत नाही, पण गडाखालचं सगळं गाव मिळतं.

प्रमाणाबद्दल इथेच लिहून ठेवते. सिंहासनावरचे महाराज वीतभर, मावळा बोटभर, आणि मुलं करतात तो बुरूज जेमतेम पाच इंच. महाराज बुरुजापेक्षा उंच. किल्ले ‘अचूक’ हवेत म्हणणारे यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. जुन्या चित्रांतही राजा प्रजेपेक्षा मोठा काढायची रीत आहे. ज्याचं महत्त्व जास्त त्याचा आकार मोठा. मुलं तेच करतात, आणि रस्त्यावरून बघणाऱ्याची नजर बरोबर जिथे जायला हवी तिथेच जाते.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. गोखलेनगर

आजचा दिवस सगळ्यात भरगच्च. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं, मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या, आणि पूरग्रस्तांसाठी ज्या वसाहती झाल्या त्यांतली ही एक. टेकडीच्या पायथ्याशी बैठ्या घरांच्या ओळी. बऱ्याच घरांवर आता मजले चढलेत, तरी दारापुढे हातभर का होईना जागा राहिली आहे. टेकडी जवळ असल्यामुळे दगड आणि मुरूम फुकट. इथे किल्ले पेठेच्या आधी उभे राहिले यात नवल नाही.

एका घरापुढे तुळशीवृंदावन होतं. मुलींनी ते हलवलं नाही. त्याच्या भोवतीच गड उभा केला. वृंदावन झालं जगदीश्वराचं मंदिर, आणि म्हणून किल्ला झाला रायगड. मंदिराच्या खालच्या पायरीवर पाटीवरच्या पेन्सिलीने ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर’ असं लिहिलं होतं. रायगड बांधणाऱ्याची ती ओळ खऱ्या मंदिराच्या पायरीवर कोरलेली आहे. त्या घरची आजी रोज तुळशीला पाणी घालते, ते पाणी उतरून एका खळग्यात साठतं. तो त्यांचा गंगासागर.

दोन घरं सोडून पुढे नळाच्या चौथऱ्यावर किल्ला. नळ चालू ठेवावाच लागतो, घरातली सगळी भांडी तिथेच घासतात. मग मुलाने पाणी जायची वाट ही नदी ठरवली, तिच्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल टाकला आणि गड पलीकडे सरकवला. तिसऱ्या ठिकाणी जास्वंदीचं मूळ जमिनीतून वर आलेलं, त्याच्याखाली गुहा, गुहेत वाघ. मूळ नसतं तर वाघही नसता.

बघता बघता ध्यानात आलं की या किल्ल्यांची खरी गंमत यातच आहे. डोक्यात रायगड ठरवून कोणी मातीला हात घालत नाही. आधी कोपरा ठरतो, मग त्या कोपऱ्यात कुठला गड मावेल ते ठरतं. खरे गडही असेच झाले. मुरुंबदेवाच्या डोंगराला तीन सोंडा होत्या, म्हणून राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी कड्याच्या वळणावळणाने जाते ती डोंगर तसा आहे म्हणून. कागदावर आखून केलेला किल्ला चौकोनी होतो, डोंगराला विचारून केलेला वेडावाकडा आणि बळकट. गोखलेनगरातली मुलं नळाला आणि जास्वंदीला विचारून बांधत होती.

भाच्याने एक चांगला रकाना सुचवला: ‘आधीपासून तिथे काय होतं?’ आजच्या सगळ्या नोंदींत तो मागे जाऊन भरला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज फक्त हिरवळीबद्दल. उद्या वसुबारस. ज्यांनी दोन-तीन दिवसांपूर्वी पेरलं त्यांच्याकडे कोंब दिसायला लागलेत. जे आज पेरतील त्यांचा डोंगर पाडव्याच्या सुमारास हिरवा होईल.

पेरतात हळीव आणि मोहरी. उतारावर हळीवच चांगला. पाणी लागलं की त्याच्या दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येतं आणि दाणा मातीला चिकटतो. मोहरी घरंगळते आणि पायथ्याशी जमा होते. मग खाली जंगल आणि वर टक्कल. मोहरी वापरायची तर दाणा बोटाने दाबून बसवावा लागतो. पाणी तांब्याने घातलं की सगळंच वाहून जातं, म्हणून बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून शिंपडायचं. ज्यांना घाई आहे ते हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा पसरतात. फोटोत तो हिरवा दिसतो, पण त्यातून काही उगवत नाही, आणि सकाळी उठून ‘किती आलं’ ते बघायला धावणं त्यात नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार. कोथरूड

उंच इमारती, दुमजली पार्किंग. इथे किल्ल्याला परवानगी लागते. एका सोसायटीत जमिनीवर आधी प्लास्टिकचा कागद, त्याच्या चारी बाजूंनी विटांची कड, आणि दिवाळी संपली की जागा धुऊन द्यायची अशी अट. मुलांनी ती पाळलीय. कागदाच्या कडेने निळी रांगोळी टाकून त्यांनी अटीचाच समुद्र केला. मध्ये सिंधुदुर्ग. खरा सिंधुदुर्ग मालवणसमोरच्या कुरटे बेटावर आहे, पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ ची, आणि त्याचा तट सरळ कुठेच जात नाही, सारखा आत-बाहेर वळतो. मुलांनी तट वळवला होता आणि दरवाजा दोन बुरुजांच्या आड लपवला होता. तसा दरवाजा का लपवतात ते विचारलं तर सगळ्यात धाकट्याने, वय सहा असेल, तोफेचा गोळा कसा येईल आणि कुठे आदळेल ते हाताने करून दाखवलं.

विकत मिळणारे तयार किल्लेही इथेच जास्त दिसले. प्लास्टरचा, रंगवलेला, वरून मावळे ठेवायला खळगे. गॅलरीत माती करायची सोय नाही, आईवडील दोघं कामावर, हे मी समजू शकते. तरी त्यांची नोंद वेगळ्या वहीत ठेवली. सातव्या मजल्यावर एका मुलीने मात्र असाच तयार किल्ला आणून त्याच्या भोवती गॅलरीतल्या कुंड्या रचल्या आणि प्रत्येक कुंडीत एक चौकी केली. मनीप्लांटच्या वेलीवरून मावळे चढत होते, सुतळीला बांधलेले. ते पान मग पुन्हा पहिल्या वहीत आणून लावलं.

२० ऑक्टोबर, सोमवार. नरक चतुर्दशी

पहाटे निघाले. अभ्यंगस्नान करून मुलं थेट किल्ल्यापाशी. बुरुजाबुरुजावर पणत्या. या एकाच वेळेला किल्ला जसा दिसायला हवा तसा दिसतो. उजेड खालून येतो, तटाच्या सावल्या लांब पडतात आणि हातभर ढीग डोंगराएवढा होतो. फोटो सगळे याच वेळी काढायला हवेत.

शनिवार पेठेतलं कारंजं: सलाईनची रिकामी बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली, नळी भिंतीवरून किल्ल्याच्या पोटातून काढलेली, टोकाला सुई. बाटली जितकी उंच तितकं कारंजं उंच, आणि नळीवरची चकती फिरवून ते कमी-जास्त होतं. पाणी संपलं की आतून कोणी तरी ओरडतं आणि मोठी बहीण बाटली भरते. पेठेत पिढ्यान्‌पिढ्या अशीच कारंजी करतात, आणि दवाखान्यातून रिकामी बाटली मागून आणणं हे त्यातलं मानाचं काम.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

जिंजी सापडली! सहकारनगरात, बंगल्याच्या फाटकाशी. बाहेरून पाहिलं तेव्हा नुसते दगडांचे तीन ढीग वाटले. ना बारदान, ना हिरवळ. आत बोलावल्यावर कळलं. जिंजीचा किल्ला राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रायणदुर्ग अशा तीन टेकड्यांवर पसरलाय आणि त्या टेकड्या म्हणजे एकावर एक पडलेले मोठमोठे गोल धोंडे. आपल्याकडच्या बेसॉल्टच्या कड्यांसारखं तिथे काहीच नाही. मुलांनी बागेतले गुळगुळीत दगड रचले आणि तिन्ही टेकड्यांना वेढणारा एकच तट मातीचा केला. मधोमध कल्याण महाल, आगपेट्यांचा, मजल्यावर मजला, वर निमुळतं छप्पर.

फाटकावर पुठ्ठ्याची पाटी: १६७७ मध्ये महाराजांनी जिंजी घेतली, १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोचले, १६९८ पर्यंत मोगलांचा वेढा चालला. खाली बारीक अक्षरात ‘कृपया टेकडीवर फटाके लावू नयेत’. हे करणाऱ्यांत कोणीच जिंजी पाहिलेली नाही. फोटो आणि नकाशा बघून केलं. पण दगडच का, याचं उत्तर त्यांच्याकडे होतं: बागेत दगड होतेच, आणि रायगडासाठी ते आडवे येत होते म्हणून त्यांनी दगडांचा गड शोधला. बारा गडांच्या यादीत तो निघाला. पुन्हा तेच. आधी जागा, मग गड.

खांदेरी एकच दिसली, लोकमान्यनगरात, जुन्या पत्र्याच्या टबात. खऱ्या पाण्यात बेट आणि भोवती कागदी गुराबा, म्हणजे लढाऊ जहाजं. १६७९ मध्ये इंग्रजांशी झालेली लढाई चालू होती. इंग्रजांची जहाजं वर्तमानपत्राची आणि मराठ्यांची रंगीत कागदाची. साल्हेर, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग कुठेच नाहीत.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

किल्ल्यावरच्या इतर मंडळींची वेगळी यादी करतेय. हेलिकॉप्टर उतरायची जागा. सेलवरची आगगाडी, तिचा बोगदा बालेकिल्ल्याखालून. क्रिकेटचं मैदान, फलंदाजी करणारा भालदार. हिरवा डायनोसॉर, दरवाज्यावर पहाऱ्याला. पेट्रोलपंप. मोदकाच्या साच्यातून काढलेल्या टेकड्या. एका ठिकाणी गडाखालच्या गावात मेट्रोचं स्टेशन, आणि त्या मुलाच्या घरासमोर खरंच मेट्रोचे खांब आहेत.

परीक्षक अशा गोष्टींचे गुण कापतात, आणि त्यामुळे स्पर्धेच्या किल्ल्यांतून त्या नाहीशा होत चालल्यात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. इतिहास शिकण्यासाठी किल्ला हवाच, टकमक टोक आणि हिरकणी बुरूज कुठे ते मुलांना कळायलाच हवं. पण आपल्या खोक्यातलं सगळ्यात लाडकं खेळणं दरवाज्यावर राखणीला बसवणारा मुलगा किल्ल्याचा अपमान करत नाही. महाराजांच्या पहाऱ्याला तो त्याच्याकडचं सगळ्यात बळकट जनावर देतो. ही यादी मी पुस्तिकेत पूर्ण छापणार आहे, एकही वस्तू न गाळता.

२ नोव्हेंबर, रविवार

बहुतेक ठिकाणी गड उतरवलेत. कोथरूडचा पार्किंगमधला समुद्र अटीप्रमाणे धुऊन झाला. पेठेत माती परत पोत्यात, पोती जिन्याखाली. मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून बुटांच्या खोक्यात. त्यात काही आईच्या लहानपणचे, हात तुटलेले, पुन्हा रंगवलेले. असे तुटके मावळे वापरात कसे आणतात तेही नोंदवलं: त्यांना कड्याच्या कडेला, अर्धे मातीत रोवून, चढताना दाखवायचं.

काही घरांत तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात. गोखलेनगरातला रायगड त्यामुळे अजून आहे. वृंदावन रंगवायचं म्हणून एक बाजू तेवढी उतरवली होती. आत कापलेला भाग उघडा पडला म्हणून तिथे बसून छेदाचं चित्र काढून घेतलं. तळाशी टेकडीचे दगड, त्यावर विटांचे तुकडे, मग बारदान, मग दोन बोटं मुरूम-काळीचा थर, आणि वर हळिवाच्या मुळांचं जाळं इतकं दाट की मातीचा तुकडा उचलला तरी सुटत नव्हता. मुळांनीच तट धरून ठेवला होता.

९ नोव्हेंबर, रविवार

फोटो लावायला घेतले. आधी गडांच्या नावांप्रमाणे लावणार होते, पण तसे लावले की सगळे रायगड एका गठ्ठ्यात येतात आणि कुठला जिन्याखालचा, कुठला नळावरचा ते कळत नाही. आता जागेप्रमाणे लावतेय: तुळशीभोवतीचे, नळाकडचे, झाडाखालचे, जिन्याखालचे, पार्किंगमधले, गॅलरीतले, टबातले. प्रत्येक पानावर आधी मोकळ्या जागेचं छोटं रेखाचित्र आणि त्याच्याशेजारी किल्ला.

प्रत्येक घरी एक फोटो छापून द्यायचा आहे. सहकारनगरच्या मुलांनी जिंजीचे दोन मागितलेत, एक शाळेत लावायला. कुंभारवाड्यात मातीच्या साच्यांचे फोटो काढायला पुन्हा जायचं ठरलंय, पण आता तिथे संक्रांतीच्या सुगडांची लगबग सुरू होईल, त्यामुळे ते काम जानेवारीनंतर. भाच्याने पुढच्या वर्षीसाठी कोल्हापूर आणि सातारा असं लिहून ठेवलंय. तिथे अंगणं अजून मोठी आहेत आणि मातीही वेगळी.